पिस्टनला घातलेल्या पाटल्या

मंगलाला पाहायला पाहुणे यायचे त्याच सकाळी तिच्या सोन्याच्या पाटल्या देवघरातून नाहीशा झाल्या. तिच्या आईने, गंगाबाईंनी, चोर शोधायची तसदीच घेतली नाही. त्या थेट मागच्या पडवीत गेल्या.

तिथे त्यांचे यजमान सेतूराव मोटरसायकलीपुढे मांडी घालून बसले होते. मायदेशी निघालेल्या एका मळेवाल्या साहेबाकडून ही दोन सिलिंडरची गाडी घेतल्यापासून घरात एक वस्तू धड राहिली नव्हती. कंपनीची हत्यारे मद्रासला मिळत, पण हत्यारे विकत घेतो तो गाढव, असे सेतूरावांचे ठाम मत. अडकित्ता वाकवून त्यांनी व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा चिमटा केला होता. तेव्हापासून कुंभकोणमसारख्या पानाच्या गावात या एकाच घरी सुपारी बत्त्याने फोडत.

"पाटल्या कोठें आहेत?"

"अग, ऐक तरी! पिस्टनच्या रिंगा आवळून धरिल्यावांचून वरचा सिलिंडरचा ठोकळा खालीं उतरत नाहीं. एक पिस्टन असता तर रिंगा बोटांनीं दाबिल्या असत्या. इथें दोन, एकदम! पाटल्या कशा अगदीं मापाच्या निघाल्या!"

"निघाल्या ना? मग काढा आतां."

सेतूरावांनी वाकून ठोकळ्याखाली पाहिले. रिंगा आवळायचा कंपनीचा चाप उघडून काढता येतो. पाटली उघडत नाही, हे त्या विद्वानांना आत्ता सुचले. ठोकळा दोन बोटे वरच अडकला होता आणि त्याच्याखाली, पिस्टनच्या दांड्यांभोवती, मंगलाच्या पाटल्या लखलखत होत्या.

"कापून काढूं?"

"लग्नाच्या पोरीची पाटली कापतां? अय्यय्यो, जीभ कशी रेटते तुमची!"

"मग सगळें पुन्हा उचकटावें लागेल. दुपार होईल."

तेवढ्यात दारात पाहुण्यांची झटका-घोडागाडी थांबली. तिरुविसनल्लूरचे व्यंकोबाराव, त्यांची बायको अंबाबाई आणि मुलगा खाली उतरले.

मंगला शेजारणीच्या काचेच्या बांगड्या घालून काप्पीचे वाफाळते पेले घेऊन आली. अंबाबाईंची नजर नेमकी तिच्या मनगटांवर थांबली. पाटल्या उजळायला सोनाराकडे दिल्या आहेत, ही थाप गंगाबाईंच्या ओठांवर आली होती. पण सेतूराव काळ्या हातांनी दारात येऊन म्हणाले, "पाटल्या इंजिनांत आहेत."

"कोणत्या इंजिनांत?" व्यंकोबारावांनी हातातला केसरी शिऱ्याचा घास खाली ठेवला. "दोन सिलिंडर? रिंगांना लाविल्या? वाहवा!" आणि ते धोतर खोचून पडवीकडे पळाले. मुलगाही त्यांच्यामागे गेला. थोड्याच वेळात तिकडून हातोड्याचा ठणठणाट आणि तीन पुरुषांचे हसणे ऐकू येऊ लागले.

गंगाबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. असल्या बापाची मुलगी कोण करून घेणार? त्यांचे डोळे भरून आले. "क्षमा करा, बाई," त्या कशाबशा म्हणाल्या.

अंबाबाईंनी हातांवरचा पदर मागे सारला. मनगटांवर नुसती हिरवी काच होती.

"माझ्या पाटल्या ह्यांनीं आमच्या पाण्याच्या पंपांत अडकविल्या आहेत," त्या म्हणाल्या. "मुलगी पसंत आहे हो. आमच्या घरीं जें शिकवावें लागलें असतें, तें ही माहेरींच शिकून आली."