एकटे ठेवण्याची परवानगी

आमच्या विद्यापीठाच्या प्राणिगृहात उंदराला एकटे ठेवायचे असेल, तर प्राणिकल्याण समितीची पूर्वपरवानगी लागते. नियम योग्यच आहे. एकटा उंदीर खंगतो, त्याचा मेंदू लवकर झिजतो, आणि मग तो रोगाने विसरला की आमच्या कृपेने, हे कळत नाही. शोधनिबंधाचे वाटोळे होते.

मी विस्मरणाचा तज्ज्ञ आहे. माणसाचे सदोष जनुक घातलेले माझे उंदीर ऐन तारुण्यात विसरभोळे होतात. पोहण्याच्या चाचणीत पाय टेकायला पाण्याखाली लपवलेला पाट काल कुठे सापडला होता, हे त्यांना आज आठवत नाही. असे कितीतरी उंदीर मी बरे केले. माणूस अजून एकही नाही, पण परिषदांमध्ये हे विचारणे असभ्य समजतात.

सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, सारे चिआंग माई शहर वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेत होते. मला सुट्टी नव्हती. ओळखीचा हात रोज पाठीवरून फिरला नाही, तर उंदीर बिथरतात. जवळच्या लांपून गावाहून आईचा फोन आला, "तोन, येतोयस ना रे?" ठेवला, तर पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. शेवटी तिलाच आणून प्राणिगृहाबाहेरच्या बाकावर बसवले.

तेवढ्यात समितीच्या रचनीताई तपासणीला आल्या. आतले सगळे चोख निघाले. कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारले, "आणि बाहेर कोण रे?"

"विस्मरण. उतारवय. मादी," मी सवयीने म्हणालो.

"सोबतीला कोण?"

"कुणी नाही. एकटीच असते."

"रोज हाताळतं कोण?"

"शेजारीण भात ठेवून जाते. मी अधूनमधून जातो."

"विरंगुळा?"

"टीव्ही चालू असतो."

ताईंचा पारा चढला. "अरे, काही लाजलज्जा? मुक्या जिवाचे असे हाल? आत्ताच्या आत्ता ताब्यात घेते मी तिला!"

खरे सांगतो, मला रडूच फुटायचे बाकी होते. आत गारवा होता, सोबत होती, रोजचा मायेचा हात होता. "घ्याच ताई," मी म्हणालो, "माझ्याच्याने होत नाही हो."

"जेवलीस का गं पोरी?" बाहेरून आईने विचारले.

ताईंनी मान वर केली. "ही तर बाई आहे!"

"माझी आई."

"मग आधी नाही का सांगायचं? जीव घेतलास माझा!" त्यांनी पेनाला टोपण लावले.

"ताई, पण माझ्या उंदरांत माणसाचंच जनुक आहे की."

"माणसाचं जनुक असलेला उंदीर चालतो बाबा. नुसता माणूस आमच्या नियमांत बसत नाही."

संध्याकाळी आईला लांपूनला सोडले, टीव्ही लावून दिला आणि उंदरांसाठी वेळेत परतलो. तुमच्या घरीही असे कुणी असेल, तर निश्चिंत राहा. तपासायला कुणीही येणार नाही.