बसून दाखवा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दक्षिण कोरियातल्या दैगू शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या पाचव्या मजल्यावर, लहान मुलींच्या कपड्यांच्या विभागात, अडुसष्ट वर्षांच्या बोंगसुनबाई स्कर्टमध्ये अडकल्या.

खरं तर त्या स्कर्ट बदलून घ्यायला आल्या होत्या. नात दाओन सहा वर्षांची. सुनेनं हौसेनं घेतलेला काळा, चकचकीत, गुडघ्यापर्यंत आवळलेला स्कर्ट घालून पोर मागच्या सहलीला गेली आणि बसताच येईना म्हणून उभ्यानं डबा खाऊन आली. उद्या बालवाडीची पुन्हा सहल होती.

"वापरलेला कपडा परत नाही घेत आम्ही, काकू," विक्रेती हेरिम गोड हसली. "आणि याच्यात अवघडण्यासारखं काय आहे? मायलेकींची जोडी आहे ही. आईच्या मापातही मिळतो."

"आण बघू आईच्या मापाचा. मी बसून दाखवते, मग तू बोल."

स्कर्ट कसाबसा चढला. बोंगसुनबाईंनी खुर्चीकडे पाठ केली, गुडघे वाकवायला घेतले, आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीसारख्या तिरप्या राहिल्या.

"पाहिलंस? काढ आता."

झिप निघेना. हेरिमनं ओढली, साबण घासला, शेवटी कात्री आणली.

"खबरदार! कापायचाच असेल तर आधी तो काप." बाईंचं बोट काचेतल्या बाहुलीच्या अंगावरच्या तशाच स्कर्टकडे होतं. ओठ रंगवलेली, कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती बाहुली दाओनएवढीच होती.

हेरिमनं मॅनेजर क्वाक यांना बोलावलं. ते हात चोळत आले.

"काकू, जरा आतल्या खोलीत थांबाल का? गिऱ्हाइकं बघताहेत. म्हणजे, या वयाला हे जरा..."

"शोभत नाही?"

"तसं नाही, पण..."

"साठी उलटलेल्या बाईला शोभत नाही आणि दुधाचे दात न पडलेल्या पोरीला शोभतं? तुमच्याकडे वयं उलटी मोजतात की काय?"

एवढं बोलून बाई चिमणीसारख्या उड्या मारत निघाल्या आणि विभागाच्या दारातच उभ्या राहिल्या. आत शिरणाऱ्या प्रत्येक आईला त्या एकच सांगत होत्या, "घ्यायचा तर घ्या, पण आधी स्वतः घालून बसून दाखवा."

क्वाकनी बाईंच्या घरी फोन केला. सून युनबी धावत आली.

"आई, घरी चला हो. लोक काय म्हणतील?"

"लोक बघताहेत म्हणूनच उभी आहे."

"वर्गातल्या सगळ्या मुली हेच घालतात. दाओनच एकटी वेगळी दिसेल."

"मग मागच्या सहलीला बाकीच्या बसून जेवल्या का?"

युनबी हळूच म्हणाली, "नाही. सगळ्याच उभ्या होत्या. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, फोटो छान आलेत."

तेवढ्यात सरकत्या जिन्यावरून बोंगसुनबाईंची फिरायला जाणारी टोळी अवतरली. पुढे मालसुक.

"अगं बोंगसुन! काय झ्याक दिसतेस! कुठून घेतलास?"

"घेतला नाही, मेले! निषेध चाललाय माझा!"

"मग आम्हीही करतो की! ए पोरी, माझ्या मापात आहे का गं?"

दुपारपर्यंत टोळीतल्या सगळ्याजणी निषेधाला उभ्या होत्या आणि मोठ्या मापाचे स्कर्ट संपले होते. क्वाक येऊन कमरेत वाकले आणि म्हणाले, "काकू, वर्षभरात असा खप झाला नव्हता." दिवसभरात बाईंना खरा संताप आला तो तेव्हा.

संध्याकाळी दुकानाच्या शिंप्यानं शिवण उसवून त्यांना मोकळं केलं. आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना घरी पोहोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

बुधवारी दाओन ढगळ विजार घालून सहलीला गेली. ती युनबीनंच आणली होती, मुलग्यांच्या विभागातून. पोर चटईवर मांडी घालून डब्यातला किंबाप जेवली, दगडांवर चढली आणि कमरेपर्यंत चिखल घेऊन परतली. युनबीनं ती विजार एक शब्द न बोलता धुतली.

गुरुवारी त्या कपड्यांच्या कंपनीच्या राजधानी सोलमधल्या कचेरीतून फोन आला. आजी आणि नात, दोघींनाही तोच स्कर्ट, अशी जाहिरात करायची आहे. बोंगसुनबाई येतील का?

"येते की," बाई म्हणाल्या. "दाओनलाही आणते. एकच अट. फोटो जमिनीवर मांडी घालून बसलेला काढायचा. दोघींचा."

पलीकडचा माणूस म्हणाला, वरिष्ठांना विचारून कळवतो. शनिवार संध्याकाळपर्यंत त्यानं कळवलेलं नाही.