दोनशे मीटर गारवा

"आठव्या महिन्यात पोरगी उकाड्यात कशी धाडूं?" फोंड्याहून विहीणबाई चंद्रावती फोनवर विचारत होत्या. "तुमचां घर एप्रिल-मेत भट्टी जाता. एक तरी खोली गार करा, मगे सेजलक धाडतंय. नायतर हंयच रवू दे."

फोन स्पीकरवर होता. त्यामुळे डिचोलीजवळच्या सर्वण गावातल्या त्या स्वयंपाकघरात हा टोमणा कृष्णनाथ आणि शेवंती, दोघांनाही सारखाच लागला. सेजल त्यांची एकुलती एक लेक.

"पयलां बाळातपण म्हायेराक नाय, तर लोक काय म्हणतले?" शेवंतीने पदर तोंडाला लावला.

"लोक कायएक म्हणूचे नाय. खोली गार जातली," कृष्णनाथ म्हणाले.

एसीचा प्रश्नच नव्हता. दुपारी वाड्यावरचं व्होल्टेज इतकं खाली यायचं, की शेजारच्या महादेवचा एसी नुसता गुणगुणायचा आणि महादेव त्याच्यासमोर बसून सुपाने वारा घ्यायचा. पण कृष्णनाथांनी पस्तीस वर्षं पाण्याचे पंप चालवले होते. पाइपात एका टोकाने घातलेली वस्तू दुसऱ्या टोकाने बाहेर येते, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची देवाइतकीच श्रद्धा होती. भाचा सर्वेश धारगळला एका हॉटेलात जमिनीत पाइप पुरून खोल्या गार करणारी यंत्रं बसवत होता. त्याला बोलावणं गेलं.

"मामा, दोन मीटर खोल गेलां की जमीन बारा महिने सत्तावीस अंशांवर," सर्वेश म्हणाला. "खोलीतली गरमी पाइपातल्या पाण्यात, पाण्यातली जमनीत. करंट एसीच्या अर्धो. फक्त दोनशे मीटर पाइप पुरूक व्हयो, आणि दोन चरांमधी अंतर व्हयां."

परसात दोनशे मीटर पाइपाला जागा भरपूर होती, फक्त ती मोकळी नव्हती. सर्वेशने सहा सरळ चर आखले. शेवंतीने नकाशा पाहिला आणि फणस वाचवला. मग शौचालयाची टाकी निघाली. मग कोपऱ्यातला राखणदाराचा दगड. त्याला विचारल्याशिवाय फावडं मारायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. नारळ, विडी आणि थोडी फेणी ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि चर त्याला मान देऊन वळले. शेवटी नकाशा जिलबीसारखा दिसू लागला, पण मीटर दोनशे भरले.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी जेसीबी आला. दुपारपर्यंत परसात लालभडक मातीचा डोंगर उभा राहिला. नेमका तो महादेवच्या जनेलातून दिसला.

आता डिचोलीत लाल माती बघून माणूस काय समजणार? लोखंडाच्या खाणी बंद पडल्यापासून महादेवचा खनिज वाहणारा टिपर ट्रक माडाखाली गंजत होता. चारही चाकं काढून विटांवर ठेवलेला. तरी दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची. महादेव कुंपणावरून वाकला.

"कृष्णनाथबाब, आमच्यापासून लपवतात? माल किती टक्क्यांचो?"

"माल खंयचो, मेल्या? खोली गार करूक चर मारतंय."

"होय तर! आणि टिपर मी दूध आणूक ठेवलो आसा."

खरं उत्तर दिल्यामुळे संशय पक्का झाला. संध्याकाळी चार टिपरवाले आले, मंगळवारी अकरा. त्यांनी येतायेता आपल्या गाड्यांचे नंबर कागदावर लिहून आणले होते. पहिली खेप कुणाची, यावरून फणसाखाली वाद झाला. शेवंतीने पंधरा जणांना चहा दिला आणि प्रत्येकाला बजावलं, "ही नुसती माती आसा रे पुतांनो." पुतांनी मान डोलावली आणि जाताना घमेलंभर माती नमुना म्हणून नेली. चौथ्या दिवशी एकाने नमुना थेट पिकअपमध्ये नेला. रविवारी कृष्णनाथ कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आले, तेव्हा चर उघडे, पाइप उघडे आणि मातीचा डोंगर गायब.

"माती नाय तर गरमी जातली खंय?" सर्वेशने डोक्याला हात लावला.

कृष्णनाथ मात्र तडक महादेवच्या पायरीवर जाऊन बसले. "टिपराक चाकां लाव. माती तुझ्यामुळे गेली, तूच आणतलंस."

टिपर सुरू व्हायला दोन आठवडे लागले, आणि माती मिळायला आणखी दोन. महादेवने अखेर आटलेल्या तळीचा चिकट, ओला गाळ आणून ओतला. शरमेने त्याने दोन खेपा जास्तच टाकल्या. सर्वेशने गाळ बोटांत चोळला आणि खूश झाला. असला गाळ पाइपाला चिकटून बसतो आणि गरमी झटकन ओढतो, म्हणे. खरंच, यंत्र सुरू केलं त्या दिवशी खोली बावीस अंशांवर उतरली. शेवंतीने शाल काढून पांघरली.

पण तोवर मे अर्धा संपला होता, आणि सेजल फोंड्यालाच बाळंत झाली होती.

"बाळातपण रवलां," कृष्णनाथ म्हणाले, "पण सव्वा महिनो सोडूचंय नाय."

दहाव्या दिवशी सेजल बाळाला घेऊन आली. सोबत चंद्रावती होत्या, खोली तपासायला. त्या आत गेल्या, भिंतीला हात लावला, बाळाचे तळवे चाचपले आणि किंचाळल्या, "अगे बाये! बाळंतीण ह्या थंडीत? वात धरतलो तिका!"

"पण तुम्हीच सांगलां, खोली गार करा—"

"ती गरोदर असताना! आता कान बांधूक व्हये, शेगडी व्हयी. सेजल, उठ. चल परत."

शेवंतीनेही आपली शाल सेजलच्या कानांवरून गुंडाळली. कारण विहीणबाईंचं बरोबर होतं. शेवंतीच्याही बाळंतपणात चाळीस दिवस खाटेखाली निखारे होते. सेजल बाळाला घट्ट धरून बापाकडे बघत राहिली.

कृष्णनाथ सर्वेशकडे वळले. "ह्यां उलटां चलता?"

"चलता, मामा. जमनीतली गरमी खोलीत. पण मे महिन्यात, गोंयात, कोण—"

"चलय."

अर्ध्या तासात खोली छत्तीसवर गेली. चंद्रावतींनी घाम पुसत समाधानाने खाटेशेजारी खुर्ची ओढली. "आता कशी! धूर नाय, निखारे नाय. फोंड्यात खंय अशी सोय? सव्वा महिनो मी पण हंयच रवतंय."

कृष्णनाथ जिंकले होते. ते पंखा शोधत बाहेर निघाले, तेव्हा सेजलने त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "बाबा, सासूबाई न्हाऊक गेल्या की दहा मिनटां तरी गार करा हां. उकडून मेलंय."

तेव्हापासून कृष्णनाथ रोज सकाळी दहाला स्वतः बंब पेटवतात, आणि विहीणबाईंना पाणी कमी पडू देत नाहीत.