छतवाली एमजी आणि बाशिंग

पहिल्याच गाडीच्या दाराला बाहेरून मूठ नव्हती, तेव्हाच माझ्या छातीत धस्स झालं. (तसं ते कुकरच्या शिट्टीनेही होतं, ते सोडा.)

"हात आत घाला अन् दोरी ओढा, सूनबाई," गाडीमालक वामनराव म्हणाले. "बिनछताची जुनी एमजी मोटार अशीच असते. त्या छतवालीले मूठ हाय, वरखाली होनारी काच हाय. दोनी इलायतच्या. पन मी एकच इकतो. कोनती ते आत्ताच सांगा, दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

आमचा बोथ गावात मंडप-भांडी भाड्याने देण्याचा धंदा. गाडी हवी होती नवरदेवाच्या वरातीला. घरात बी.एस्सी. मी एकटी, म्हणून निवड माझ्याकडे आली. आणि मी ठाम होते : छतवालीच! धूळ नाही, ऊन नाही. सकाळपासून ह्यांना दहादा बजावलं होतं. (अर्थात 'अहो' म्हणून; नावाने अरे-तुरे करतात त्या फक्त ह्यांच्या मावशी.)

तरी शास्त्र म्हणजे शास्त्र. हे आणि वामनराव भाव करायला ओसरीकडे वळताच प्रयोगासाठी आणलेलं बाशिंग मी स्वतःच्या कपाळाला घट्ट बांधलं, छतवालीत सरकून बसले आणि दार ओढलं.

खट्!

बाशिंगाची टोकं छतात रुतली. मान वर होईना, वळेना. नवरदेव असा बसला तर वऱ्हाडाला वाटेल, पोराला हे लग्नच मंजूर नाही. आतली मूठ चाचपून सापडेना. दिसत होते फक्त माझे गुडघे.

काच चार बोटं उघडी होती. तिच्यातून ह्यांचा आवाज आला, "ठरलं, वामनराव! छतवालीच! माही बायको शिकेली हाय, तिचं चुकत नाही."

"अहो!" मी ओरडले.

"तुमाले बलावून राह्यली का कोनी?" वामनराव.

"नाई जी. तुमच्या घरून काकू असतीन."

"अहो! नका ना!"

"लईच चिडल्या काकू. जाऊन या."

"थांबते ते. तिले सवय हाय. आधी हात मिळवा."

हात मिळवला की संपलं. वामनराव शब्दाचे पक्के. नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यातसुद्धा पुटपुटले होते. पण आता माघार नाही. डोळे मिटले, लाज गिळली आणि 'राव' लावायलाही न थांबता बोंबलले, "चंपत! ए चंपत!"

मग ह्यांचा आवाज आला, इतका अदबीचा की लग्नाच्या दोन वर्षांत माझ्या वाट्याला कधी आला नव्हता :

"आलो, मावशी!"