समोरून कट

"केज तालुक्यात तोड नाही अशा दोनच गोष्टी. एक मी. दुसरीचा तपास चालू हाय."

सत्यदर्शन डिटेक्टिव्ह ब्युरोचे संस्थापक, संचालक आणि एकमेव गुप्तहेर कल्याणराव स्वतःची ओळख अशी करून देत आणि दर महिन्याला ती मदतनीस आसारामकडून नव्याने टाइप करून घेत. त्यात पुढे घारीची नजर होती, मुंगीचीही चाहूल टिपणारे कान होते, आणि 'गेवराईपासून घाटनांदूरपर्यंतचे गुन्हेगार माझं नाव ऐकून घाम पुसतात' असंही होतं. मे महिन्यात तिथे सगळेच घाम पुसतात, हे आसारामने मनात ठेवलं. कॉम्प्युटर आल्यापासून त्याचा टायपिंगचा क्लास बसला होता, आणि ब्युरोत निदान पंखा होता.

ब्युरो म्हणजे कल्याणरावांच्या कापडदुकानामागचं गोदाम. दुकान मुलाच्या हवाली करून ते गुन्हेगारीच्या मागे लागले होते, पण गुन्हेगारी काही केजला थांबायला तयार नव्हती. अखेर २००६च्या उन्हाळ्यात प्रकरण मिळालं, तेही घरातच.

वरच्या खोलीत पुतणी शिवांजलीने आपली लॅब थाटली होती. एक जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले आणखी दोन. एकात मोठ्या ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज चालायचं. ते पडलंच तर दुसऱ्याने सांभाळायचं. खरी यंत्रणा विकत घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून शिकायला ही आभासी. तिला दोन फोन जोडलेले, एक तिच्या टेबलावर आणि दुसरा, खिडकीतून वायर सोडून, खाली ब्युरोत. लातूरला जाताना पुण्याच्या कंपनीचे साहेब शनिवारी थांबून हे सगळं बघणार होते. चाललं तर नोकरी पक्की. आणि मंगळवारपासून रोज अकराला वरचा फोन एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा.

"मशीन किती?" कल्याणरावांनी भिंग काढलं.

"दोन, काका."

"मला तर एकच दिसतीय. म्हंजे एक चोरीला गेली. आसाराम, लिव्हा."

"दोन्ही आत हायेत, काका. व्हर्च्युअल."

"आत कावून कोंडल्या? भाईर काढ, पंचनामा करू."

शिवांजलीने कपाळाला हात लावला. दर वेळी चूक आपलीच असणार, असं धरून चालायची तिला खोड होती. दोन दिवसांत दोन्ही मशीन तिने तीनदा पाडून नव्याने उभ्या केल्या होत्या, आणि तिचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही खालून फोन लावताय ना, काका?"

"अकराच्या ठोक्याला! आसारामला वर नजर ठेवायला धाडतो आन् मी लावतो."

"मग काय होतंय? नोंदीत एकच येतंय. समोरून कट."

हे दोन शब्द ऐकताच कल्याणराव गॅलरीत गेले. रस्त्यापलीकडे धुळाजी टेलर हातात कात्री घेऊन बसला होता.

"समोर कोण? धुळाजी. धंदा काय? कट!" ते कुजबुजले. "आसाराम, प्रकरण लई खोल हाय."

पाळतीचा बहाणा म्हणून आसारामला पँट शिवायला पाठवण्यात आलं. धुळाजीने माप घेतलं आणि "कंबर वाढली बे," एवढाच कबुलीजबाब दिला.

शुक्रवार उजाडला तरी आरोपी मोकळाच. आसारामला त्या दिवशी वर न पाठवता, दुकानातून पलीकडचा धुळाजी दिसेल असं ब्युरोच्या दारात बसवलं होतं. कल्याणरावांच्या पत्नी नीलम्मा ताक घेऊन आल्या तेव्हा अकरा वाजत होते. कल्याणरावांनी रिसीव्हर उचलला, वरचा नंबर फिरवला, एक रिंग कान देऊन ऐकली आणि रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला.

"अवं, ठिवला कावून?" नीलम्मांनी विचारलं.

"दिली की एक रिंग! पोरगी सोमवारीच सांगून गेलती, 'काका, रोज अकराला एक रिंग द्या.'"

नीलम्मांनी ताकाचा तांब्या टेबलावर आदळला. "तिला बोलायचं असतंय! तुमी मिसकॉल देताय! बाजारातनं मला देता तसा! एक रिंग म्हंजे भाकरी टाक, दोन म्हंजे पाव्हणे हायेत!"

वरून शिवांजली धावत आली. ऐकलं आणि पायरीवरच बसली. आधी हसली, मग हसता हसता रडली. "तीन दिवस माझ्याच मशीनला शिव्या घालत होते, काका!"

"मी पैल्याच दिवशी म्हणलं होतं," कल्याणराव ताठ झाले, "गुन्हेगार घरातलाच हाय."

आसारामने वही चाळली. असं वाक्य कुठेच नव्हतं. त्याने ते मंगळवारच्या पानावर लिहून टाकलं.

शनिवारी साहेब वर उभे राहिले. खाली कल्याणरावांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला होता. एक रिंग झाली. सवयीने हात खाली जाऊ लागला, तसं आसारामने मनगट पकडलं. दुसरी. तिसरी.

"हॅलो?"

"मी कल्याणराव! आवाज येतोय का?"

"फोनवरूनही येतोय," वर साहेब रिसीव्हर शिवांजलीकडे देत म्हणाले. मग त्यांनी चालू एक्सचेंजची मशीन मुद्दाम बंद केली. "त्यांना म्हणावं, बोलत राहा."

कल्याणरावांनी केज तालुक्यातल्या दोन गोष्टींपासून सुरुवात केली. पहिली मशीन मेली, दुसरीने सांभाळलं आणि घारीच्या नजरेपासून घाटनांदूरच्या गुन्हेगारांपर्यंत एक शब्द तुटला नाही. ओळख संपली तेव्हा शिवांजलीची नोकरी ठरली होती.

सोमवारी ती सकाळच्या पुणे गाडीत बसली. कल्याणराव खिडकीपाशी गेले, "पोचल्यावर..." म्हणाले आणि खिडकीची काचच पुसू लागले. दुपारभर ते मोबाइल पुढ्यात ठेवून बसले. पाणीसुद्धा आसारामने हातात आणून दिलं.

चारला फोन एकदा वाजला आणि थांबला.

"समोरून कट," आसाराम म्हणाला.

"पोचली पोरगी," म्हणत कल्याणरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. "घाम लई येतोय आज."

पंखा चालूच होता. आसारामने त्याचीही नोंद केली नाही.