मरहूम काकांच्या टोपीची अखेरची मोहीम

हकीकत ऐसी जे, पडदे शिवण्याच्या कारखान्यातील आक्काबाई, कापडाची पारख नुसत्या नजरेने करणाऱ्या, प्रसंगी मालकासही भर कारखान्यात गप्प बसविणाऱ्या, परंतु गावची वेस एकटीने कधी न ओलांडलेल्या, यांनी समुद्र पाहण्याची मोहीम कैसी मांडिली आणि ऐन मैदानात फजित पावून कैसी फत्ते केली, ते येथे लिहिले असे. वाचणाराने हसावयाचे तर हसावे, मात्र शेवटपर्यंत वाचावे.

आक्काबाईंस समुद्राची आस फार दिवसांची. निळे पडदे शिवून शिवून डोळे निळे व्हावयाचे राहिले, आणि खरा समुद्र काही दृष्टीस पडेना. दर साली मसलत होई आणि दर साली सोबतीचा सरदार कच खाई. कधी भाऊराय कामात गुंतत, कधी वहिनीसाहेबांची कंबर धरे, कधी मैत्रीण कबूल होऊन लेकाच्या परीक्षेची सबब पुढे करी. मग भरलेली पिशवी रिकामी होई आणि आक्काबाई 'बरं, पुढच्या वर्षी' म्हणून मशिनीवर बसत. यंदा पिशवी रिकामी करिताना त्यांस रडू कोसळले, आणि आता न निघाले तर पडदेच पाहत मरावे लागेल ऐसे मनाने घेतले. म्हणून त्यांनी काढलेले कपडे पुन्हा भरिले.

वर्तमान कळताच घरात हाहाकार उडाला. भाऊरायांचा हुकूम सुटला जे, बाईमाणसाने एकटे जाऊ नये, आणि का जाऊ नये हे विचारू नये. भीती आक्काबाईंसही होतीच. ती काय हुकुमाची वाट पाहते? तेव्हां थोरल्या मावशीसाहेब, वयोवृद्ध, प्रवासविद्येत पारंगत, जातीने मध्यस्थीस आल्या, आणि आपल्या मरहूम यजमानांची करडी टोपी भाचीच्या हाती देऊन गुप्त युक्ती उघड करित्या जाहल्या.

"दोन तिकिटं काढायची. शेजारच्या सीटवर टोपी ठेवायची. कुणी विचारलं, तर काका येताहेत म्हणायचं. ते गेल्यापासून मी अशीच तर फिरतेय!"

काका गेल्यास बहुत काळ लोटला, परंतु टोपीचा दरारा कायम होता. भाऊरायांनी हुकूम मागे घेतला.

मग सकाळीच स्वारी निघाली. बसमध्ये खिडकीचे तख्त टोपीस देऊन आक्काबाई शेजारी अंग चोरून बसल्या. कंडक्टरसाहेब, हिशेबाचे कडवे, यांनी टोपीचे धनी कोठे ऐसा सवाल केला, तो आक्काबाईंची बोबडी वळली. काका मागे बसलेत, ओळखीचं कुणी भेटलं, इतकी थाप कशीबशी बाहेर पडली, आणि गर्दीमुळे निभावली. काठी टेकून एक आजी जवळच उभ्या होत्या. टोपी बसलेली आणि आजी उभ्या, हे पाहून आक्काबाईंचे काळीज तुटे, परंतु जीभ रेटेना.

मध्यावर चहाचा मुक्काम पडला. समस्त सैन्य उतरले, चहा पिऊन परत चढले, आणि कंडक्टरसाहेबांनी मोजदाद घेतली, तो एक असामी कमी. टोपीवाले साहेब राहिले, ऐसी हाकाटी उठली आणि ड्रायव्हरसाहेबांनी भोंगा वाजविला. मग दोन जवान शौचालयावर चालून गेले, आणि आतून भलत्याच बसच्या एका निरपराध गृहस्थास दंड धरून घेऊन आले. एका चष्मेवाल्याने तर शपथेवर साक्ष दिली जे, काका टपरीमागे बिडी ओढताना आपण या डोळ्यांनी पाहिले. बस हलेना.

इतक्यात आजी काठी टेकीत पायरीकडे निघाल्या. "तुझ्या काकांना काही झालं तर नसेल ना गं? थांब, मीपण बघते."

हे मात्र आक्काबाईंस सोसले नाही. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"उतरू नका, आजी! काका नाहीयेत. म्हणजे, वारलेत. खूप वर्षं झाली. मी एकटीच आहे. एकटीच समुद्र बघायला चाललेय!"

ड्रायव्हरसाहेबांनी भोंग्यावरचा हात काढिला.

"अहो बाई, मग आधी नाही का सांगायचं?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "त्यांची वाट बघत बसलो असतो, तर आपणच त्यांच्याकडे पोचलो असतो!"

समस्त बस खदखदली, आणि आक्काबाई सर्वांहून मोठ्याने हसल्या. एकटी म्हटल्याने आभाळ कोसळते ऐसी घराण्याची समजूत होती. आभाळ पाहिले तो जागच्या जागी होते. मग टोपी पदच्युत होऊन पिशवीत गेली, खिडकीशी आक्काबाई बसल्या, शेजारी आजी बसल्या आणि बस निघाली.

समुद्र निळा नव्हता, मातकट होता, आणि लाटांच्या चुण्या एकसारख्या म्हणून नव्हत्या. तरी आक्काबाईंनी नावे ठेविली नाहीत. ऊन लागले, तेव्हां काकांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून त्या पोटभर पाहत बसल्या. परतीस एकच तिकीट काढिले.

मग टोपी मावशीसाहेबांस परत करून सर्व वृत्तांत निवेदन केला. मावशीसाहेब बराच वेळ टोपीवरची वाळू झटकीत राहिल्या.

"खरं सांगू? होते तेव्हासुद्धा बस सुटली की घोरायचे गं. जागी मीच असायचे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. टोपी तेव्हांपासून खुंटीवर आहे, आणि हे लिहितेसमयी मावशीसाहेब घरी नाहीत.