पूर्वेला तोंड केलेली गाडी

शाळेच्या अंकाला एक गोष्ट द्या, म्हणून तुमच्या बाई पुन्हा पुन्हा माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला कशाला छळता? त्या म्हणाल्या, "आजोबा, मुलांना काहीतरी बोध होईल असं सांगा." बोध म्हणे. माझ्या घरातल्यांना साठ वर्षांत झाला नाही, तुम्हाला काय कपाळाचा होणार?

पण बाई हटेनात. म्हणून लिहितो. ज्या बाजेवर बसून लिहितो ती आता जमिनीपासून वीतभरच उंच आहे. बसलं की गुडघे कानाला लागतात. का, ते शेवटी कळेल. मध्ये विचारायचं नाही.

तर पोरांनो, एका जंगलात (कुठल्या ते विचारायचं नाही, सगळी जंगलं सारखीच) एक अस्वल राहत होतं. नाव केशव. अंगभर केस, म्हणून सगळे केसू म्हणायचे. त्याची बायको मंजुळा. मुलगी जांभळी, मुलगा उंबऱ्या. आणि केसूचा म्हातारा बाप, आबा. आबाची एक शिसवी बाज होती. दिवसभर तो तिच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचा. चांगला स्वभाव होता त्याचा.

लग्नात केसूने नाव घेतलं होतं:

"मोहाच्या झाडाखाली फुलांचा थाट,
मंजुळेला दाखवीन समुद्राची लाट."

सगळ्या वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. केसू ते विसरला. मंजुळा विसरली नाही. बायका अशा गोष्टी विसरत नाहीत, हे मुलग्यांनी आत्ताच लिहून ठेवावं.

समुद्र होता पश्चिमेला, डोंगर उतरून गेलं की. एका पाणपक्ष्याने मंजुळेला सांगितलं होतं, "ते असं पाणी आहे की त्याला पलीकडचा काठच नाही." मंजुळेला ते खरं वाटेना. काठ नसलेलं पाणी असतं कुठे? तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्या उन्हाळ्यात ती केसूला म्हणाली, "अहो, पोरं मोठी झाली. पावसाळा सरला की आपापल्या वाटेने जातील. अस्वलाची जात आपली, एकदा गेलेलं पोर परत येत नाही. सगळ्यांनी मिळून जायचं तर हाच उन्हाळा."

केसू म्हणाला, "जाऊ की. पण असं उठून चालत जायचं? लोक काय म्हणतील?"

आता जंगलात लोक कुठून आले? पण केसूला ते दिसायचे.

उमाजी नावाचं एक वानर होतं. सहलीला आलेल्या माणसांच्या पिशवीतून त्याने मोबाइल पळवला होता. त्यात त्याने केसूला एक चित्र दाखवलं. एक गाडी, गाडीत पलंग, गाडीतच चूल, गाडीतच कपाट, आणि पुढे एक कुटुंब दात काढून हसतंय.

"ह्याला कॅम्पर म्हणतात," उमाजी म्हणाला. "चाकावरचं घर. हल्ली चालत फक्त हरणं जातात."

झालं. केसूच्या डोक्यात चाकं फिरायला लागली.

जंगलाच्या कडेला तरसाचं भंगारचं दुकान होतं. तिथे शाळेच्या पोरांना नेणारी एक जुनी पिवळी व्हॅन पडून होती. केसूने मधाची पोळी देऊन ती घेतली. आणि नीट ऐका, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ती गाडी चालत होती. खोकत होती, धूर सोडत होती, पण स्वतःच्या चाकांवर केसूच्या दारातल्या वडाखाली येऊन उभी राहिली. तोंड पश्चिमेला. समुद्राकडे.

मंजुळेने तेवढ्यात गाठोडं बांधलं. पोरं उड्या मारत आत बसली. आबासुद्धा बाजेवरून उठला.

"चला, निघू," मंजुळा म्हणाली.

"अगं थांब!" केसू ओरडला. "ही नुसती गाडी आहे. आधी हिचं घर करायला नको?"

"घर आहे की आपल्याला. त्यातूनच तर बाहेर पडायचंय."

"तुला नाही कळायचं," केसू म्हणाला.

पोरं खाली उतरली. आबा परत बाजेवर बसला. म्हणाला, "गाढव आहे." वडाजवळून एक गाढव चाललं होतं, त्याला उगाच वाईट वाटलं.

मग सुतारपक्षी आला. तो ठोकायला लागला. पलंग ठोकला, ओटा ठोकला, कपाट ठोकलं, कपाटात कप्पे ठोकले, कप्प्यांत लहान कप्पे ठोकले. त्याने विचारलं, "लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काही लावू का?"

"लागू दे," केसू म्हणाला. "वाटेत खायला होईल."

एवढंच एक शहाणपणाचं वाक्य तो त्या उन्हाळ्यात बोलला.

करवंदं पिकली. गाडी बघायला जंगल लोटलं. जो येई तो काहीतरी सांगून जाई. मुंगूस म्हणालं, मागच्या बाजूनेही एक दार पाहिजे, मी नेहमी ठेवतो. वटवाघूळ म्हणालं, पलंग छताला लावा, झोप चांगली लागते. केसू सगळ्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "बघू, करू." मंजुळा चहा करायची.

करवंदं संपली. "झालं का हो?" मंजुळेने विचारलं.

"झालंच. फक्त वास्तू बघून घेऊ."

"कशाची वास्तू?"

"घराची."

"अहो, ती गाडी आहे!"

"चाकावरचं का होईना, घर ते घर. उद्या वाटेत काही झालं म्हणजे?"

म्हणून त्याने टिटवे गुरुजींना बोलावलं. टिटवी तुम्हाला माहीत असेल. उघड्या माळावर, चार खड्यांच्या मधे अंडी घालणारा पक्षी. ज्याने जन्मात काडीवर काडी ठेवली नाही, तो जंगलात सगळ्यांना घर कसं बांधावं ते सांगत फिरायचा. फार मान होता त्याला.

टिटवे गुरुजी एका पायावर उभे राहिले. गाडीकडे बघितलं आणि किंचाळले, "अरे, दार कुठे आहे हे!"

"डाव्या बाजूला," केसू म्हणाला. "सगळ्या व्हॅनचं तिथेच असतं."

"गाडीचं तोंड पश्चिमेला. म्हणजे डावी बाजू कुठे आली? दक्षिणेला! यमाच्या दिशेला दार उघडतोस? पोरंबाळं आहेत ना घरात?"

केसूचे सगळे केस उभे राहिले. ते बघायला फार भयंकर दिसलं. "मग काय करू, गुरुजी?"

"फिरव. तोंड पूर्वेला कर. म्हणजे दार उत्तरेला येईल. उत्तर कुबेराची."

केसूने गाडी चालू केली आणि वडाखालीच फिरवली. त्या गाडीने घेतलेलं ते शेवटचं वळण.

मंजुळा म्हणाली, "गुरुजी, समुद्र पश्चिमेला आहे. आम्हाला तिकडे जायचंय."

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, "जायला ही गाडी चालणार नाही. पण समुद्रावरून परत यायला उत्तम."

"बघ!" केसू बायकोला म्हणाला. "परतीची तरी सोय झाली."

मंजुळेने त्याच्याकडे बघितलं. काही बोलली नाही. पोरांनो, घरात आई काही बोलली नाही की घाबरायचं असतं. केसू घाबरला नाही.

गुरुजी आत शिरले. "ईशान्येला काय आहे?"

"पुढची सीट. तिच्याखाली इंजिन."

"देवाच्या जागेवर तेलकट धूड? ईशान्य कशी हलकी पाहिजे, मोकळी पाहिजे. काढ ते."

"काढून टाकू कुठे?"

"टाकायचं कशाला? जड वस्तू नैऋत्येला ठेवावी. मागे उजवीकडे ठेव."

सुतारपक्ष्याने ठोकणं थांबवलं. "अहो, पण मग गाडी चालेल कशी?"

"इंजिन गाडीतच आहे ना?" केसू चिडून म्हणाला. "बाहेर कुठे फेकलंय?"

ह्यावर सुतारपक्ष्याला उत्तर सुचलं नाही. तुम्हालाही सुचणार नाही. मलाही सुचलं नव्हतं.

पुढे इंजिनाच्या जागी देवघर झालं. छान झालं. मागे इंजिन ठेवलं. मग गुरुजी म्हणाले, "घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने नैऋत्येला झोपावं."

झालं. केसूने आबाची बाज उचलून आणली. इंजिनावर ठेवली तर ती छताला लागायला लागली. तेव्हा त्या पठ्ठ्याने काय केलं असेल? सुतारपक्ष्याला सांगितलं, "पाय काप."

आबाला विचारलं नाही. आबा तेव्हा ओढ्यावर गेला होता. परत आला तर बाजेचे चार पाय जमिनीवर पडलेले. आबाच्या बापाने घडवलेली बाज ती. शिसवाची.

"अरे, हे काय केलंस?"

"तुमच्या सोयीसाठीच केलं, आबा."

"आता मी उठू कसा?"

"प्रवासात सारखं उठायचं नसतं," केसू म्हणाला. "आणि तुम्ही जुनी माणसं. तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही. तुम्ही गप्प बसत चला."

आबा गप्प बसला. कुठलंही म्हातारं माणूस असं एकदम गप्प बसलं तर समजावं, ते आतल्या आत लिहून ठेवतंय.

मग वास्तुशांत झाली. जंगल जेवायला आलं. मंजुळेने मोहाच्या फुलांची खीर केली. सगळे म्हणाले, वा, काय गाडी आहे, आता निघायचं कधी? केसू म्हणाला, "आता फक्त पडदे राहिलेत."

आंबे संपले. जांभळं पिकली. जांभळंसुद्धा गळायला लागली. केसू रोज गाडीत बसून पडद्यांचा विचार करायचा.

एका सकाळी मंजुळेने गाठोडं उचललं. पोरांना म्हणाली, "चला."

"गाडीतून?" उंबऱ्याने विचारलं.

"पायातून."

जांभळी म्हणाली, "आणि बाबा?"

मंजुळा गाडीपाशी गेली. "अहो, आम्ही समुद्राला निघालोय. येताय?"

आतून आवाज आला, "दोन मिनिटं! पट्ट्यांचे घेऊ की फुलाफुलांचे?"

मंजुळेने गाठोडं काखेत नीट बसवलं. मग वळली.

गाडीतल्या बाजेवरून आबा हाका मारत होता. "अरे पोरांनो, मला उठवा रे!" दोन्ही नातवंडांनी एकेक हात धरून ओढलं. बिनपायांच्या बाजेवर, छताखाली आबा असा रुतला होता की त्याला उभं करता करता दोघांना घाम फुटला. आबाने कंबर धरली आणि गाडीतून खाली उतरला.

"कुठे जायचंय, आबा? ओढ्यावर?"

"आता एवढा उठलोच आहे तर परत त्यात बसत नाही," आबा म्हणाला. "समुद्रालाच येतो."

चौघे चालत गेले. किती दिवस लागले ते कुणी मोजलं नाही. वाटेत ओढे लागले, वारुळं लागली. आबाने सगळ्यांना नावं ठेवली. शेवटचा डोंगर उतरले आणि समोर समुद्र.

आणि खरंच, त्याला पलीकडचा काठ नव्हता.

उंबऱ्या पाण्याच्या कडेला उभा राहून ओरडला, "पलीकडे कोण आहे रे?" कुणीच ओ दिली नाही. जांभळीने पाणी चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "आई, कुणीतरी मीठ सांडलंय!" आबा ओल्या वाळूत बसला. लाट आली, त्याचं बूड भिजवून गेली. त्याने लाटेलाही नावं ठेवली, पण हळू आवाजात.

मंजुळा नुसती बघत उभी होती. सूर्य पाण्यात बुडाला तरी बघत होती. शेवटी म्हणाली, "दाखवीन म्हणाले होते. दाखवलाच म्हणायचा."

"तो कुठे आलाय?" आबा फणकारला.

"म्हणूनच तर बघता आला, आबा. ते बरोबर असते तर अजून वडाखालीच असतो."

ते परत आले तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. केसू गाडीच्या दारात, उत्तरेला तोंड करून बसला होता. वाळला होता. कपाटातली वाळवी खाऊन दिवस काढले होते.

"कुठे गेला होतात?" तो म्हणाला. "पडदे अडकून पडलेत तुमच्यामुळे. रंग कोणता घ्यायचा?"

"निळा घ्या," मंजुळा म्हणाली.

"निळ्यात शंभर प्रकार. कसला निळा?"

"समुद्रासारखा," उंबऱ्या म्हणाला.

"म्हणजे कसा?"

पोरांनी आईकडे बघितलं. आईने आबाकडे बघितलं. सांगायला गेलं तर कुणालाच सांगता येईना. मग जांभळी बापाजवळ जाऊन बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या केसांना अजून खारट वास येत होता. केसूने हुंगलं. म्हणाला, "हा कसला वास?"

पावसाळा सरल्यावर पोरं आपापल्या वाटेने गेली. गाडी अजून वडाखाली आहे. पडदे लागले, निळे आहेत. लोक बघायला येतात. केसू सगळ्यांना सांगतो की परतीच्या प्रवासाला ह्यासारखी गाडी जंगलात नाही.

तात्पर्य: घरातल्यांना समुद्र बघायचा असेल तर त्यांनी आधी कर्त्या पुरुषाला एक जुनी गाडी घेऊन द्यावी आणि तिचं घर कर म्हणून सांगावं. तो त्यात पुरता गुंतला, की बाकीच्यांनी चालायला लागावं.

बाई, ह्याहून चांगला बोध माझ्याकडे नाही. आवडला नाही तर छापू नका.

आणि पोरांनो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिवळी व्हॅन उभी आहे, निळ्या पडद्यांची. तुम्ही तिच्यामागे लपाछपी खेळता ती. तिच्या मालकाला ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. बाजेचे पाय परत जोडता येत नाहीत, ते मला कळतं, तेवढा अडाणी मी नाही. पण चार पावलं चालत येऊन, ह्या वीतभर उंचीच्या बाजेसमोर उकिडवं बसून, "काका, चुकलं" एवढं म्हणायला ना इंजिन लागतं ना दिशा बघावी लागते. ते ज्याने अजून म्हटलेलं नाही तो माझा सख्खा पुतण्या, जालिंदर.